पिवळा दिवा

यंत्राला प्रार्थना शिकवली ती माझ्या थोरल्या बहिणीनं. मी फक्त जोडणी केली.

हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या मिशन कंपाउंडात ही गोष्ट निरनिराळ्या तऱ्हेनं सांगितली जाते आणि त्यातल्या निम्म्या तऱ्हांमध्ये मी देवमाणूस आहे. मी शद्रक साळवे. साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन खात्यात तीस वर्षं काढली. बॉयलरचा दाब, रसाचं तापमान, टाकीतली पातळी मोजणारी आणि काही बिघडलं की बोंब मारणारी यंत्रं सांभाळणं हा माझा धंदा. निवृत्त झालो तेव्हा बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी कॅनडात होती आणि हात स्वस्थ बसायला तयार नव्हते.

आमचं कंपाउंड नगर-मनमाड रस्त्यापासून आत आहे. मधोमध दगडी चर्च आणि भोवती एकसष्ट घरं. तरुण माणसं पुण्याला नाहीतर परदेशात. मागे उरलेल्यांत मी त्रेसष्टाव्या वर्षी पोरगा समजला जातो. २०३३च्या नाताळात गायकवाड गुरुजी न्हाणीघरात पडले आणि दोन दिवस कुणाला पत्ताच नव्हता. कॅरोल गाणारे त्यांच्या दारात दोन कडवी गायले आणि दार उघडलं नाही म्हणून पुढच्या घरी गेले. गुरुजींना माती देऊन परतताना मी ठरवलं की आपल्या कंपाउंडात हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

त्यातून वर्षभरात ‘जागल्या’ तयार झाला. मूळ कल्पना माझी नाही, ती जगात बरीच वर्षं होती. घरातला वायफाय खोलीभर रेडिओलहरी पसरवत असतो. माणसाचं शरीर म्हणजे बहुतेक पाणीच. लहरी त्यावर आपटतात, काही आत जिरतात, काही वळून भिंतीकडे जातात. माणूस हलला की खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचणाऱ्या लहरी बदलतात. अगदी श्वासानं छाती चार-पाच मिलिमीटर वरखाली झाली तरी बदलतात. हा बदल सतत मोजायचा आणि संगणकाला हजारो नमुने दाखवायचे, की हा माणूस चालतोय, हा झोपलाय, हा पडलाय. मग नवे आकडे आले की ते कुठल्या जुन्या नमुन्यासारखे आहेत हे तो सांगू लागतो. कॅमेरा नाही, माइक नाही, त्यामुळे म्हाताऱ्या बायकांनाही संकोच वाटला नाही. पण एक लक्षात ठेवा, जागल्याला दिसत काहीच नाही आणि कळतही काही नाही. त्याला फक्त सारखेपणा ओळखता येतो.

एकसष्ट घरांचे एकसष्ट दिवे प्रत्येकाच्या फोनवर दिसायचे आणि चर्चच्या व्हरांड्यात एक मोठा पडदा लावला होता, त्यावरही. हिरवा म्हणजे सगळं ठीक. माणूस पडला किंवा श्वास थांबला की लाल, आणि शेजारच्या चार घरांत फोन खणखणायचे. पहिल्या दोन महिन्यांत दोन माणसं वाचली. चर्चच्या पाळकसाहेबांनी उपासनेत माझं नाव घेऊन देवाचे आभार मानले. माझी मान जरा ताठ झाली, खोटं कशाला सांगू.

मग उपासकाळ सुरू झाला. ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस आमची माणसं पहाटे उठून गुडघे टेकतात. जागल्याला काय दिसलं? उभं शरीर झपकन अर्ध्यावर आलं आणि तिथंच राहिलं. म्हणजे पडलं. पहिल्या आठवड्यात अकरा वेळा लाल दिवा लागला. माझी आक्का पलंगापाशी गुडघ्यांवर डोळे मिटून बसली होती, तर चार माणसं पाण्याचा तांब्या आणि खाट घेऊन दार ढकलून आत शिरली.

आक्का म्हणजे सुवार्ता साळवे. मिशन दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आक्का एकोणीस. तिनं लग्न केलं नाही, मला इंजिनिअर केलं. कंपाउंडातली पन्नाशीच्या आतली सगळी माणसं तिच्या हातांवर जन्मली आणि पन्नाशीच्या पुढची तिची इंजेक्शनं खाऊन जगली. त्या दिवशी ती तरातरा माझ्याकडे आली आणि म्हणाली, तुझ्या त्या राखणदाराला पडणं आणि नमणं यातला फरक शिकव, नाहीतर मी त्याची वायर उपटते.

तिचं म्हणणं मला पटलं, आणि त्याला कारण कारखान्याचं होतं. जो अलार्म उगाच ओरडतो त्याला माणसं आधी शिव्या देतात, मग त्याच्या बटणात कागदाची घडी कोंबतात. मग खरं संकट येतं तेव्हा तो गप्प असतो. म्हणून मी जागल्याला शिकवायला बसलो. दोन दुपारी आक्का आपल्या पलंगापाशी गुडघे टेकून बसली, उठली, पुन्हा बसली. कोपरं गादीवर, कपाळ हातांवर. तिचे चाळीस नमुने घेतले. मग इतरांचे. आमच्यात प्रार्थनेत रडणारे पुष्कळ. हुंदके देतात, श्वास रोखतात, मोठा उसासा टाकतात. तेही नमुने घातले, नाहीतर त्यांचा श्वास बिघडलाय असं समजून लाल दिवा लागला असता. काहीजण गुडघ्यांवर बसूनच भजन म्हणतात आणि हातानं जमिनीवर ताल धरतात. तेही घातलं. आणि पिवळा दिवा दिला. पिवळा म्हणजे प्रार्थना चालू.

एक गोष्ट मी घातली होती आणि काढून टाकली. पिवळा दिवा तासाभरापेक्षा जास्त राहिला तर शेजाऱ्याचा फोन वाजावा, असा नियम. आक्कानं विचारलं, “देवाशी किती वेळ बोलायचं हे आता तू ठरवणार का?” मी हसलो आणि तो नियम पुसला. दहा सेकंदांचं काम होतं.

आमच्याकडे पूर्वीपासूनची रीत आहे, प्रार्थनेत असलेल्या माणसाला कुणी हाक मारत नाही. दार वाजवायचं नाही, अंगणात उभं राहायचं, आमेन ऐकू आलं की मग बोलायचं. आता दिवाच सांगू लागला, तेव्हा अंगणात उभं राहायचीही गरज उरली नाही. त्याच्या जोडीला दुसरी एक गंमत सुरू झाली. सकाळी नळावर बायका विचारू लागल्या, काल तुमचा दिवा वीसच मिनिटं होता, बरं नाही का? पाळकसाहेबांनी एका रविवारी सर्वांत जास्त वेळ पिवळ्या राहिलेल्या घरांचं कौतुक केलं. त्यानंतर एका गृहस्थांनी गुडघ्यांवर बसून पेपर वाचायला सुरुवात केली, आणि जागल्यानं त्यांना रोज पाऊण तासाचं श्रेय दिलं.

आक्काला हे अजिबात आवडलं नाही. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी प्रभुभोजनाची उपासना सुटल्यावर तिनं मला व्हरांड्यात, त्या पडद्यासमोरच गाठलं. म्हणाली, “खोलीचं दार लावून करायची गोष्ट ती. तू दाराला काच बसवलीस. काढ तो पिवळा दिवा.” मी म्हटलं ईस्टर झाल्यावर बघू. ती म्हणाली आज. चार माणसं ऐकत होती, माझ्या कौतुकाचे दिवस होते, आणि मी बोलून गेलो की तुझा दिवा इतरांपेक्षा कमी वेळ लागतो म्हणून राग येतोय का? ती पदर सावरून घराकडे चालू लागली. तिला असं बोललो त्याची लाज मला घरी पोचायच्या आत वाटू लागली होती.

शुक्रवारी सकाळी सहाला मी तिला फोन करायचा म्हणून हातात घेतला. तिचा दिवा पिवळा होता, पाच वाजून दहा मिनिटांपासून. मी फोन खाली ठेवला. सातला पाहिलं, पिवळा. आठला पाहिलं, पिवळाच. मला थोडं हसूही आलं; म्हटलं, आक्का माझी तक्रार वरच्या कोर्टात सविस्तर मांडत बसलीय. माझं क्षमा मागणं एक-दोन तासांनी झालं तरी बिघडत नव्हतं.

नऊला चर्चच्या व्हरांड्यात दुपारच्या उपासनेची तयारी चालली होती. पडद्यावर तो एकच दिवा इतका वेळ पिवळा राहिलेला. पाळकसाहेबांनी सगळ्यांना थांबवून तो दाखवला. चार तास, म्हणाले, शहात्तराव्या वर्षी. कुणीतरी फोटो काढून सगळ्यांना पाठवला. मलाही आला, आणि मी खाली जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

दहा वाजून सतरा मिनिटांनी दिवा लाल झाला. आम्ही धावलो. आक्का गुडघ्यांवरच होती. गाल गादीवर टेकलेला, उजवा हात जमिनीपर्यंत लोंबलेला. अंग गरम होतं. दवाखान्यातून डॉक्टर आले आणि गेलीय म्हणाले.

तुम्हाला कळलंच असेल यातून काय गोष्ट तयार झाली. पाच तास प्रार्थना, तीही ख्रिस्त क्रुसावर गेला त्या दिवशी, आणि श्वास थांबताक्षणी यंत्रानं हाक मारली. दुपारच्या उपासनेत पाळकसाहेब हे सांगताना रडले आणि सगळं चर्च रडलं. मीही रडलो. दुःखात मला जरा बरंही वाटत होतं, की माझ्या आक्काला असं मरण आलं आणि त्याला माझ्या हातचं यंत्र साक्षी होतं. शनिवारी दफन झालं. ईस्टरनंतरच्या मंगळवारपर्यंत चाळीस चर्चच्या मंडळ्यांनी जागल्या मागितला होता. येत्या रविवारी स्मरणाच्या उपासनेत मी साक्ष द्यावी, असं ठरलं.

साक्षीत सांगायला काहीतरी हवं म्हणून मी तिच्या घरची नोंद उघडली. तिच्या शेवटच्या प्रार्थनेचा आलेख छापून चौकटीत लावावा असं मनात होतं.

पाच दहाला ती गुडघ्यांवर बसली. श्वास मिनिटाला चौदा, संथ. पाच एक्कावन्नला शरीर डावीकडे वीतभर कललं. डावा हात त्यानंतर कधीही हलला नाही. श्वास बदलला. उथळ, मग खोल, आणखी खोल, मग कमी होत होत बंद. वीस सेकंद काहीच नाही. मग पुन्हा उथळ. असा श्वास मी ओळखत होतो. वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा आक्कानंच मला त्यांच्या छातीवर हात ठेवायला लावून तो शिकवला होता. मेंदूला इजा झाली की असा श्वास चालतो, म्हणाली होती, लक्षात ठेव. जागल्यानं तो रडणाऱ्यांच्या नमुन्यांशी ताडून पाहिला होता. समोर लिहिलं होतं, प्रार्थना, सारखेपणा एक्याण्णव टक्के.

आणि उजवा हात हलत होता. तीनदा जमिनीवर आपटायचा, थांबायचा. पुन्हा तीनदा. सहा वाजता, सात वाजता, आठ वाजता. शेवटचं आपटणं नऊ चाळीसला. त्या प्रत्येक ओळीसमोर जागल्यानं लिहिलं होतं, भजनाचा ताल.

अर्धांगवायूत मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. दवाखाना आमच्यापासून वीस मिनिटांवर आहे. आक्का नर्स होती. तिला हे दोन्ही माहीत होतं. हाक फुटत नसणार, म्हणून ती जवळजवळ चार तास जमीन वाजवत होती, आणि मी तेवढ्या वेळात तीनदा तिचा दिवा पाहिला होता.

मी कागद घेऊन पाळकसाहेबांकडे गेलो. पाळकसाहेब शिरसाठ वाईट माणूस नाहीत, हे स्पष्ट सांगतो. त्यांनी सगळं वाचलं आणि चष्मा काढला. मग म्हणाले, “शद्रकभाऊ, एकसष्ट घरांनी तो दिवा पाहिला. मी तर लोकांना बोलावून दाखवला. प्रत्येकाच्या उशाशी तुम्ही हे नेऊन ठेवणार?”

मी म्हटलं, चाळीस ठिकाणी हेच यंत्र जाणार आहे, तासाचा नियम पुसलेलं.

ते म्हणाले, मग तो नियम परत घाला. गुपचूप. सुधारलेलं यंत्र द्या. बाई गेल्या त्या काही परत येत नाहीत, आणि लोकांना एक चांगलं मरण पाहायला मिळालंय, ते कशाला हिसकावता?

ते बोलणं मला आवडलं, हे कबूल करतो. घरी येऊन मी संगणकासमोर बसलो. तासाभराचा नियम परत घालायला पुन्हा दहाच सेकंद लागणार होते. कुणाला कळलं नसतं, माझी साक्ष झाली असती, आणि आक्काच्या थडग्यावर लोक कायम फुलं ठेवत राहिले असते.

कारखान्यात एक शिस्त होती. एखादा अलार्म काही कारणानं बंद करायचा झाला तर त्यावर लाल पुठ्ठ्याची चिठ्ठी टांगायची. तिच्यावर बंद करणाऱ्याचं नाव, तारीख, सही. अशी चिठ्ठी न टांगता अलार्म बंद केला म्हणून मी एका चांगल्या फिटरला घरी पाठवलं होतं. त्याच्या बायकोनं माझ्या दारात येऊन विनवण्या केल्या होत्या, तरी मी ऐकलं नव्हतं. माझ्या जुन्या पेटीत त्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा अजून होता. त्यातली एक काढून मी माझं नाव लिहिलं.

रविवारी चर्च भरलेलं होतं, बाहेरगावचे पाळकही आले होते. मी पुढे उभा राहिलो आणि ती लाल चिठ्ठी व्यासपीठाच्या कडेला अडकवली. मग नोंद वाचून दाखवली, वेळेसकट. रडण्याचे नमुने मी घातले, तालाचे मी घातले, तासाचा नियम मी पुसला. आक्का प्रार्थना करत गेली नाही. ती मदत मागत गेली आणि आपण सगळे तिचं कौतुक करत होतो.

पाळकसाहेबांनी मान खाली घातली होती. मग बायकांच्या बाजूनं मार्थाबाई ओहोळ उठल्या. आक्काच्या आणि त्यांच्या घरामध्ये एकच भिंत आहे.

“टकटक मी ऐकली होती, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मशीनला काय बोल लावता? माझ्या कानांनी ऐकली. मी भांडी घासत होते. मला वाटलं बाईनं ताल धरलाय. मी इकडून तिच्यासंगं गायले. तीन गाणी म्हटली. ती थांबायची तेव्हा मी पण थांबायची, परत टकटक आली की पुढचं कडवं धरायची.”

त्या खाली बसल्या नाहीत. तशाच उभ्या राहिल्या. आक्काला ते गाणं ऐकू येत असणार, हे त्या चर्चमध्ये सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं असावं, कारण बाकांवरून एक आवाज उठला, तसा मी त्या चर्चमध्ये आधी कधी ऐकला नव्हता. पाळकसाहेब मला म्हणाले होते तेच झालं होतं, आणि सगळ्यांत मोठा धोंडा जिच्या उशाशी गेला तिनं तर त्या सकाळी नुसती भांडी घासली होती.

मी खरं सांगितलं ते बरं केलं का, हे मला आजही माहीत नाही. चाळीसपैकी अठरा मंडळ्यांनी मागणी मागे घेतली. बावीसांना जागल्या तरीही हवा होता आणि त्यातल्या सातांनी चौकशी केली की पिवळा दिवा वेगळा मिळेल का. मी त्या सातांना ‘नाही’ असं कळवलं.

आमच्याकडचा पिवळा दिवा मी काढून टाकला. आता गुडघे टेकले की पुन्हा लाल लागतो. बहुतेकांनी त्यावर आपला उपाय शोधला. ते खुर्चीत बसून प्रार्थना करतात. पहाटे कंपाउंडात फिरलं तर सगळे दिवे हिरवे दिसतात. गुडघ्यांवर बसणारे आम्ही सातआठजण उरलोत, आणि आमच्या दिव्यांची राखण मार्थाबाईंनी स्वतःकडे घेतलीय. त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेत, काठीशिवाय चालवत नाही, तरी रोज पहाटे त्या सगळ्या लाल दिव्यांची घरं फिरतात. चर्चमध्ये त्या येतात, पण गाणं सुरू झालं की ओठ मिटून उभ्या राहतात. मी एकदा म्हटलं, बाई, तुम्ही आत बसून फोन करत जा. त्या म्हणाल्या, फोन उचलायला हात लागतो.

साडेपाचला मी गुडघे टेकतो. थोड्या वेळात काठीचा आवाज येतो आणि माझं दार वाजतं, तीनदा.

“भाऊ?”

“आहे, बाई.”

त्यावर त्या जात नाहीत. अर्धांगवायू ओळखायची खूण त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतलीय. खिडकीशी येऊन त्या म्हणतात, “वर करा.” मी गुडघ्यांवर बसल्या जागी दोन्ही हात डोक्याच्या वर उचलतो आणि धरून ठेवतो. त्या काचेला नाक लावून डावा बघतात, उजवा बघतात, मनात दहापर्यंत मोजतात आणि पुढच्या घरी जातात.